हेडविग बाईंचा हातांचा तक्ता

गेल्या महिन्यात आमच्या अध्यापक महाविद्यालयातल्या नव्या पोरापोरींनी डॉक्टर बार्तालोश हेडविग यांच्यावर एक पुस्तिका काढली. गुळगुळीत कागद, वर बाईंचा फोटो, आत त्यांच्या लेखांची भलीमोठी यादी. एक प्रत सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईंना गेली आणि एक मला आली. तीत एक ओळ आहे: 'सन १९७८ मध्ये डॉ. बार्तालोश यांनी वर्गनिरीक्षणाची जुनी पद्धत सोडून अनेक विषयांच्या सहकार्याची पद्धत स्वीकारली.' स्वीकारली म्हणे! जशा काही बाजारात गेल्या आणि नवी टोपी घालून आल्या. ते कसं घडलं हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्यात माझा हात होता आणि तो काही फार स्वच्छ नव्हता. आता मी ऐंशीची झाले, पेन्शन कुणी काढून घेणार नाही, तेव्हा सांगून टाकते.

मी शारिका. त्या कॉलेजात एकोणचाळीस वर्षं कारकून होते. विद्यार्थ्यांच्या गुणपुस्तिकांवर शिक्के मारणं, टाइप करणं आणि परीक्षांच्या वेळी समितीच्या मागे बसून टिपण घेणं, हे माझं काम. आठवी शिकलेली बाई, पण तिसा नदीच्या या काठावरच्या निम्म्या मास्तरणींच्या सर्टिफिकिटावरची अक्षरं माझ्या टाइपरायटरची आहेत.

हेडविग बाई आल्या १९६६च्या शरद ऋतूत, थेट बुडापेस्टहून. एकोणतीस वर्षांची, उंच, काटकुळी बाई. बरोबर दोन बॅगा. त्यातली एक नुसत्या कागदांची, कारण शिपायाला ती उचलवेना. मानसशास्त्रात डॉक्टर झालेलं माणूस आमच्या गावाने तोवर पाहिलेलं नव्हतं. पहिला महिनाभर बायका त्यांच्याशी बोलताना पदराआड काही लपवावं तसं बोलायच्या. हिला सगळं कळत असणार, अशी भीती. बाई मात्र कुणाकडे बघायच्याच नाहीत. कँटीनमध्ये जेवायच्या नाहीत, चारचौघांत काही खायच्या नाहीत, खोलीचं दार बंद करून सफरचंद कापून खायच्या. शिकवायच्या मात्र सुंदर. पुढे प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना मुलांचं मन शिकवायच्या, आणि अख्खा हॉल टाचणी पडली तर ऐकू येईल असा शांत असायचा.

आमच्या कॉलेजला लागून सराव शाळा होती. शेवटच्या वर्षाला प्रत्येक मुलीला तिथल्या वर्गावर समितीपुढे एक तास घ्यावा लागे. प्राचार्य गेरेन्चेर, विषयाचे एक शिक्षक आणि हेडविग बाई मागच्या बाजूला बसत, आणि कोपऱ्यात छोट्या टेबलाशी मी. तो तास जमला तर मास्तरीण, नाही तर वर्षात आणखी एकच संधी.

तास जमला की नाही हे पूर्वी कसं ठरायचं? प्राचार्यांचा मूड बघून. हेडविग बाईंना ते पटेना. त्यांनी एक तक्ता बनवला. आमच्याकडे मुलं कोपर बाकावर ठेवून दोन बोटं वर करतात, तसे किती हात वर आहेत ते दर दोन मिनिटांनी मोजायचं, तक्त्यावर ठिपका द्यायचा आणि शेवटी ठिपके जोडायचे. रेष वर गेली तर वर्ग जागा, खाली आली तर झोपलेला. गेरेन्चेर सर खूश झाले. त्यांना डोकं लावायला नको, रेष बघायची आणि गुण द्यायचे. दोन वर्षांत तो तक्ता छापून घेतला. शेजारच्या जिल्ह्यातले लोक बघायला आले.

आता मुली काय दुधखुळ्या होत्या? त्यांना आठवड्यात कळलं की हात पाहिजेत. आणि सराव शाळेतली पोरं म्हणजे तर पोचलेली. दरवर्षी तीस-चाळीस नवख्या बायांना त्यांनी घाम फोडलेला. त्या काळात आमच्याकडच्या पोरींना कागदी रुमाल जमवायचं वेड होतं. रंगीत, नक्षीचे, चार थरांचे. खोक्यात इस्त्री केल्यासारखे रचून ठेवायच्या, सुट्टीत अदलाबदल करायच्या. देशी तो साधा, आणि तीन देशी मिळून एक परदेशी, असा भाव. मग काय, तासाच्या आदल्या दिवशी आमची विद्यार्थिनी सुट्टीत वर्गापाशी जायची आणि तिथली म्होरकी विचारायची, "बाई, हात थोडे हवेत, मध्यम, की भरपूर?"

थोडे म्हणजे दहा रुमाल, भरपूर म्हणजे वर्गातल्या प्रत्येकाला एक. पोरं इमानदार होती. ठरलेले हात ठरल्या वेळी वर जात. उत्तर येतं की नाही, याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आणि हे रुमाल यायचे कुठून? सांगते. माझी नणंद बोझी उन्हाळ्यात बालाटन तळ्यावरच्या एका हॉटेलात वाढपीण होती. पिशवीभर आणायची, गुलाबांचे, बोटींचे, जर्मन अक्षरांचे. मुली माझ्या खिडकीशी गुणपुस्तिका घेऊन यायच्या, शिक्का मारून झाला तरी हलायच्या नाहीत, ओठ थरथरत. मी ड्रॉवर उघडायचे. एक पैसा घेतला नाही कुणाकडून, पण दिले. रडणारी पोर बघवत नाही मला, हा माझा जुना रोग.

सगळ्या कॉलेजला हे माहीत होतं. नव्हतं ते फक्त हेडविग बाईंना, आणि गेरेन्चेर सरांना, कारण त्यांना कधीच काही माहीत नसायचं. बाई मोजत होत्या. बारा वर्षं मोजलं. कपाटं भरली. त्या रेषांवर त्यांनी लेख लिहिले आणि ७८च्या जूनमध्ये बुडापेस्टला मोठ्या परिषदेत त्या हे सगळं मांडणार होत्या.

त्याच वर्षी मे महिन्यात विल्माचा तास आला.

विल्मा सालोकी. शेवटच्या बस थांब्यापासून सात किलोमीटर आत, नदीपलीकडच्या वस्तीवरची. बाप तरीवाला, म्हणजे दोराला बांधलेल्या होडीतून माणसं पलीकडे नेणारा. हॉस्टेलमध्ये जागा मिळाली नाही म्हणून गावात एका बहिऱ्या आत्याकडे राहायची, त्यामुळे हॉस्टेलमधल्या रुमालांच्या गप्पा तिच्या कानावर कधी पडल्या नाहीत. हिवाळ्यात तिचा तास एकदा झाला होता. घसा धरला, आवाजच फुटला नाही, नापास. ही दुसरी आणि शेवटची संधी होती. तिच्या वस्तीवर एका खोलीची शाळा होती आणि म्हातारे मास्तर निवृत्त व्हायचे होते. जिल्ह्याचं पत्र आलं होतं, मीच फाइलला लावलं होतं: एक सप्टेंबरपर्यंत सर्टिफिकिटवाली शिक्षिका मिळाली नाही तर शाळा बंद आणि अकराही मुलं शहरातल्या वसतिगृहात. त्यातलं सगळ्यात लहान सहा वर्षांचं. त्या वस्तीवर जायला विल्माशिवाय दुसरं कुणी तयार नव्हतं.

तास तिसरीवर होता. विषय, नदी. विल्माने बापाच्या होडीच्या दोराचा एक तुकडा आणला होता, मनगटाएवढा जाड, ओला वास येणारा. दोन पोरांना दोराची टोकं धरायला लावली, मधे खडूचं खोकं बांधलं आणि विचारलं, "नदी वाहते इकडून तिकडे. माझ्या बाबांची होडी जाते या काठावरून त्या काठाला. इंजिन नाही, वल्हं नाही. मग तिला ढकलतं कोण?"

एकही हात वर नाही. विल्मा गप्प उभी राहिली. मला वाटलं, आता घाबरेल, काहीतरी बडबडेल. नाही. उभीच राहिली आणि एकेका पोराकडे बघत राहिली, आपल्याला अजिबात घाई नाही अशी. हेडविग बाईंची पेन्सिल दर दोन मिनिटांनी खाली जात होती. मग एक पोरगं बसल्या जागेवरून हळूच बोललं, "नदीच ढकलत असेल." दुसरी म्हणाली, "कशी? ती तर तिकडे चाललीय." आणि मग सत्तावीस पोरं दोराभोवती. खोकं तिरकं धरायचं, सरळ धरायचं, पाणी इथून आलं तर काय. हात वर करायचं कुणाला सुचलं नाही.

तास संपला. गेरेन्चेर सर म्हणाले, "बोलायच्या आधी हात वर करायचा असतो हेसुद्धा शिकवलं नाही हिने वर्गाला." हेडविग बाईंनी तक्ता पुढे केला. रेष तळाला चिकटलेली, सरळ. तिघांनी सही केली. नापास.

विल्मा रडली असती तर बरं झालं असतं. तिने दोर गुंडाळला आणि मला विचारलं, "शारिका मावशी, उरलेला खडू कुठं परत करायचा?"

बाहेर कॉरिडॉरमध्ये तिसरीची म्होरकी उभी होती. एनिको, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला.

"काय गं," मी तिला धरलं, "हात का नाही वर केलेस?"

"त्या बाई आल्याच नाहीत आमच्याकडे. काल घंटा होईस्तोवर थांबलो."

"म्हणून काय एकसुद्धा हात नाही? दुष्ट कुठली!"

"मावशी, यांना फुकट दिले तर पुढच्या कशाला रुमाल देतील?" असं म्हणून ती जरा थांबली. "आणि नंतर तर आम्ही विसरलोच. हातबित. ते दोराचं भारी होतं. त्या बाई पास झाल्या ना?"

मी तडक ऑफिसात आले. निकालाचा कागद टाइप करून शुक्रवारच्या टपालाने जिल्ह्याला पाठवायचा होता. टाइप केला, शिक्का मारला आणि ड्रॉवरमध्ये गुणपुस्तिकांच्या खाली सारला. शुक्रवारची टपालाची गाडी आली तेव्हा "आज काही नाही" म्हणून सांगितलं. सरकारी कागद दाबून ठेवणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पदरात दोन मुली, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. पण अकरा पोरं डोळ्यापुढून हलेनात. मग हेडविग बाईंचं दार वाजवलं.

बाई सफरचंद कापत होत्या. मला बघून सुरी रुमालाखाली लपवली.

"बाई, तुमच्या तक्त्यातले हात विकतचे आहेत."

असं धाडकन सांगायचं नव्हतं मला. पण तसंच निघालं. मग सगळं सांगितलं. रुमाल, भाव, थोडे-मध्यम-भरपूर, बोझी, माझा ड्रॉवर. संपल्यावर बाई उठल्या आणि कपाट उघडलं.

"कधीपासून?"

"सत्तरपासून तरी."

त्यांनी एक तक्ता काढला. रेष नुसती डोंगरासारखी चढलेली. "ही एकाहत्तरची. या एका रेषेवर मी तीन पानं लिहिली आहेत."

"त्या तासाच्या मुलीने सत्तावीस रुमाल दिले होते बाई. चार थरांचे. गुलाबाचे."

बाई खुर्चीत बसल्या. चेहरा कागदासारखा झालेला. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. पण त्यांनी विचारलं भलतंच. "विल्माच्या तासाचं तुझं टिपण आण."

आणलं. मधली दहा मिनिटं कोरी.

"इथं काहीच लिहिलेलं नाहीस."

"चुकलं बाई. ऐकत बसले."

"काय ऐकत बसलीस?"

मग मी तो तास जसाच्या तसा सांगितला. दोर, खोकं, नदी कशी ढकलते, कोण पोरगं काय म्हणालं. तिरकी धरलेली होडी प्रवाहाने कशी सरकते ते हातवारे करून दाखवलं. तोपर्यंत मला तरी कुठं माहीत होतं! चौतीस वर्षं त्या नदीकाठी राहिलेली बाई मी.

हेडविग बाई म्हणाल्या, "मीही त्याच खोलीत होते. मला यातलं काहीही आठवत नाही. मी त्या दहा मिनिटांत पाच वेळा शून्य लिहिलं."

त्यानंतर आम्ही दोघी प्राचार्यांच्या खोलीत. गेरेन्चेर सर कॉफी पीत होते ती त्यांच्या टायवर सांडली.

"निकाल रद्द? सह्या झाल्यात! कारण काय लिहू?"

"लिहा, निरीक्षणाचं साधन सदोष. मी लिहूनच आणलंय, खाली माझी सही आहे."

"अहो, पण बुडापेस्टची परिषद?"

"जाईन आणि हेच सांगेन."

"आणि जिल्ह्याचे कॉम्रेड निरीक्षक? ते विचारतील, बारा वर्षं तुम्ही लोक तिथं मोजत काय होतात?"

"सांगा, कागदी रुमाल."

मला हसू आलं, वेळ काय आणि मी काय. सर माझ्याकडे वळले, "आणि ही इथं कशाला आलीय?" बाई म्हणाल्या, "शारिकाच्या लक्षात आलं म्हणून तर आलो." एवढंच. बोझीचं नाव नाही, ड्रॉवरचं नाव नाही. आजतागायत त्यांनी ते कुणाला सांगितलेलं नाही, आज मीच सांगतेय.

सर शेवटी वैतागून तयार झाले. नियमात आठ दिवसांत फेरतपासणी बसत होती. पण विषय ते ठरवणार, बाकी उरणारा भागाकार, म्हणजे होडी-बिडी काही चालणार नाही. "आणि तक्ता नसेल तर गुण कशावरून द्यायचे, ते तुम्हीच सांगा."

बाईंनी थोडा विचार केला. "एकटीने बघून मला दिसत नाही असं दिसतंय. गणिताचे केलेमेन येऊ देत. गाण्याच्या मार्गित बाई येऊ देत. जो तो आपल्याला काय दिसलं ते लिहील, मग बसून बोलू."

पुस्तिकेतलं ते 'सहकार्य' म्हणजे हेच. पुढे त्याचा कॉलेजात रीतसर विषय झाला. हेडविग बाई, केलेमेन, मार्गित बाई, नंतर चित्रकलेचे आणि शेतकी शाळेचे मास्तर, सगळे एकाच वर्गावर जायचे, एकच तास बघायचे आणि मग विद्यार्थ्यांसमोर भांडायचे. मार्गित बाई ओरडायच्या, "अगं हेडविग, तुझे कान आहेत की भांड्याचे कान? त्या पोराचा आवाज दुसऱ्या मिनिटाला बसला, तुला कळलं नाही?" हेडविग बाई मुकाट लिहून घ्यायच्या. नर्सिंगच्या मुली यायला लागल्या, विद्यापीठातली पोरं यायला लागली. तेवीस वर्षं तो तास चालला, त्या निवृत्त होईपर्यंत. पण तेव्हा हे काही कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा विल्मा पास व्हावी, एवढीच काळजी पडली होती.

ती तर घरी निघून गेली होती. शनिवारी बाई आणि मी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि मग सात किलोमीटर चालत. बाईंच्या पायात शहरी बूट, टाचा सोललेल्या, पण हूं की चूं नाही. विल्माच्या बापाने आम्हाला पलीकडे नेलं. विल्मा अंगणात कपडे वाळत घालत होती.

"मी तुमच्या तासाला चूक केली," बाई म्हणाल्या. वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं देव जाणे, पण एवढंच बोलल्या.

विल्मा ओली चादर हातात धरून उभी. "लेखी देणार का तसं?"

"दिलंय. गुरुवारी फेरतपासणी आहे."

"मग गुरुवारी येते," विल्मा म्हणाली आणि चादर झटकली. तिची आई मात्र धाय मोकलून रडायला लागली आणि आम्हाला सूप प्यायल्याशिवाय सोडेना.

सोमवारी बाई स्वतः तिसरीच्या वर्गात गेल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "यापुढे रुमाल बंद. हात वर करायचा तर करा, नसेल करायचा तर नका करू." एनिको म्हणाली, "म्हणजे फुकट?" बाई म्हणाल्या, "फुकट." एनिकोने मागे वळून आपल्या लोकांकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. धंदा बसला बिचारीचा.

गुरुवारी मागे चार खुर्च्या आणि माझं टेबल. विल्माचा चेहरा पांढरा. भागाकाराची तिला मुळातच धास्ती होती. तिने टोपली उघडली. आईने पहाटे भाजलेले चीजचे पोगाचे, म्हणजे छोटे गोल खारे पाव, खरपूस. गेरेन्चेर सर बाईंच्या कानात कुजबुजले, "ही लाच नाही का?" बाई म्हणाल्या, "अजून कुणी खाल्लेलं नाही."

"बत्तीस पोगाचे आहेत," विल्मा म्हणाली, "आणि तुम्ही सत्तावीस. सगळ्यांना सारखे मिळाले पाहिजेत."

पहिल्यांदा कुणीच काही बोललं नाही. विल्मा तशीच उभी राहिली, गेल्या वेळेसारखी. मग हात वर आले, एक, तीन, मग कितीतरी. एक पोरगी म्हणाली प्रत्येकाला एक, पाच उरतात. दुसरा म्हणाला उरलेल्यांचे तुकडे करा. किती तुकडे? फळ्यावर गिचमीड. पाचाचे सत्तावीस सारखे तुकडे करायला गेले आणि अडकले, भांडले, खडू मोडला. विल्मा मधे पडली नाही, फक्त विचारत राहिली, "मग? आणि मग?" एनिकोचा हात वर होता, कोपर बाकावर, दोन बोटं ताठ.

"बाई, उरतात ते उरू देत. मागे पाच जण बसलेत आणि ते सकाळपासून उपाशी दिसतायत."

केलेमेन मोठ्याने हसले. पाच पोरं पोगाचे घेऊन मागे आली. हेडविग बाईंच्या पुढ्यात एनिको उभी राहिली. बाईंनी पोगाचा हातात घेतला. चौघे बघत होते, सत्तावीस पोरं बघत होती. बाईंनी तो खाल्ला, पूर्ण, चुरा अंगावर सांडत.

पोरं गेल्यावर चर्चा झाली ती अर्धा तास. केलेमेन म्हणाले, पोरं अडकली ती अगदी योग्य जागी अडकली. मार्गित बाई म्हणाल्या, हिचा आवाज पहिली पाच मिनिटं कापत होता, मग बसला आपल्या जागी. गेरेन्चेर सर म्हणाले, पोगाचा छान होता, आणि लगेच ओशाळले. मग हेडविग बाई म्हणाल्या, "शारिका, तुला काय दिसलं?" मला कुणी विचारलं नव्हतं कधी. मी म्हटलं, "पोरं विल्माकडे बघत नव्हती, एकमेकांकडे बघत होती." बाईंनी ते लिहून घेतलं.

एकमताने पास. श्रेणी, चांगली. तो कागद टाइप करताना माझ्या तीन चुका झाल्या आणि तीनदा नवा कागद घातला. विल्माला आत बोलावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एक सप्टेंबरला मी?" सर म्हणाले, "तुम्हीच." ती तिसरीच्या त्या बुटक्या बाकावर बसली, गुडघे हनुवटीला लागलेले, आणि हुंदके देऊन देऊन रडली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मार्गित बाईंनी तिला मिठी मारली, मीही मारली. मग तिची पाच वाजून दहाची बस होती, ती धावत सुटली.

मी आणि हेडविग बाई बंधाऱ्यावरून घरी चालत निघालो. इतक्या वर्षांत त्या कधी माझ्याबरोबर चालल्या नव्हत्या. लिंडनच्या झाडांना अजून फुलं यायची होती, नदी भरून वाहत होती. मी हलकी झाले होते आणि बडबडत होते. बोझीला काय सांगू, उरलेल्या रुमालांचं काय करू, असलंच काहीतरी.

"शारिका," बाई मधेच म्हणाल्या, "मला मुलांची भीती वाटते."

मला वाटलं, थट्टा करतायत.

"खरंच सांगते. पहिल्या दिवसापासून. सत्तावीस तोंडं आपल्याकडे बघतात आणि त्यांच्या मनात काय आहे ते कळत नाही. मोजायला लागलं की तोंडाकडे बघावं लागत नाही. म्हणून तक्ता. बाकी मी जे लिहिलं ते सगळं नंतरचं."

मी चाल हळू केली. मानसशास्त्राच्या डॉक्टरला काय सांगणार?

"आणि विल्मा," त्या म्हणाल्या, "त्या पहिल्या तासाला कुणी बोलेना, तेव्हा ती नुसती उभी राहिली. मी तिच्या जागी असते तर दाराबाहेर पळाले असते. ती जराही भ्याली नाही, हे मला दिसलं होतं, शारिका. तेवढं एक मला त्या दिवशीसुद्धा दिसलं होतं. आणि मी शून्य लिहीत राहिले."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. लांब रस्त्यावर पाच दहाची बस वळणापलीकडे गेली, आणि बाईंनी इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं, बारा वर्षं तो आतच धरून ठेवला होता.